दोनमिनिटे यांचं रडणं

समोरच्या दारावर पितळी पाटी आहे आणि तिच्यावर नाव वेगळं आहे, पण ते वाचायला कोणी थांबत नाही. सगळ्या इमारतीसाठी तो दोनमिनिटे. हे आडनाव त्याला मीच बहाल केलं. टीव्हीवर तो दिसला की मी आत हाक मारायचो, आमची ही हात पुसत बाहेर यायची, आणि तेवढ्यात तो मेलेला असायचा. नाहीतर कोणाचा तरी मृत्यू जाहीर करून निघून गेलेला असायचा. चष्मा काढून, मान हलवून, "आम्ही शक्य ते सगळं केलं" म्हणणारा डॉक्टर त्याने एकवीस वेळा केला. मी मोजलेत. एकवीस पेशंट आणि एकही बरा झाला नाही. खालच्या मजल्यावरच्या आजींना दम्याचा त्रास झाला तेव्हा तो मदतीला धावला, तर आजींनी हातानेच त्याला बाहेर जायची खूण केली.

आडनाव इतकं रुळलं की एकदा कुरिअरवाल्याने पाकिटावरचं खरं नाव वाचून पत्ता विचारला, तर चौकीदाराने असं कोणी इथे राहत नाही सांगून त्याला वाटेला लावलं. त्या पाकिटात एका मालिकेचा करार होता. पाकीट फिरून यायला आठवडा लागला, तोवर भूमिका दुसऱ्याला गेली. मी ही गोष्ट फार रंगवून सांगतो.

तोंडावर आम्ही एकमेकांना अहो-जाहो करतो. पाठीमागे अरे-तुरे. शेजारी म्हटल्यावर एवढी सवलत असायचीच.

इमारतीच्या तळाशी माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे दोनमिनिटेचं लिखाण त्याच्या बायकोच्याही आधी मी वाचतो. कारण तो लिहितोसुद्धा. मालिकांचे संवाद लिहितो, नाव दुसऱ्याचं लागतं. एका मालिकेत त्याला वकिलाची बऱ्यापैकी भूमिका होती, ती लिहीतही तोच होता. लोकांना वकील आवडायला लागला तशी मुख्य नटाच्या कपाळावर आठी पडली, आणि वरून निरोप आला की वकील उडवा. बिचाऱ्याने स्वतःचा अपघात स्वतः लिहिला, माझ्याकडे आठ प्रती काढल्या आणि दुसऱ्या दिवशी जाऊन मरून आला. मी त्याला म्हटलं, निदान चार ओळींचं शेवटचं बोलणं तरी लिहून घ्यायचं. तर म्हणे लिहिलं होतं, कापलं.

तिसरा धंदा आवाजाचा. परदेशी सिनेमातल्या खलनायकाच्या मागे उभे राहणारे जे तीन गुंड असतात ते तिन्ही तोच बोलतो. कार्टूनमधली मगर तो आहे. आमच्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये "कृपया दरवाजापासून दूर उभे राहा" हे तोच सांगतो, आणि स्वतः लिफ्टमध्ये असला की ऐकल्यासारखं करून एक पाऊल मागे सरकतो. वहिनी, म्हणजे त्याची बायको, दातांच्या दवाखान्यात वेळा नोंदवायला बसते. ती म्हणते, आमच्या घरात सगळ्यांचे आवाज आहेत, यांचा तेवढा नाही.

पण या सगळ्या किरकोळ उद्योगांच्या खाली एकच गोष्ट होती. एक पटकथा. ती त्याने वीस वर्षं बाळगली. ती छापून यावी, गाजावी, बक्षीस मिळावं, असलं काही त्याच्या मनात नव्हतं. तिच्यातला बाप त्याला स्वतःला करायचा होता. बाप दुसऱ्या कोणाला देणार असाल तर पटकथा परत द्या, हे तो पहिल्याच भेटीत सांगायचा आणि पहिल्याच भेटीत ती परत मिळायची.

बाप वजनकाटे दुरुस्त करणारा. दर नव्या निर्मात्यापायी पटकथा बदलली. कधी बापाला प्रेयसी आली, कधी तो आधी गुप्तहेर होता असं निघालं, एकदा तर कुत्रा आला. प्रत्येक वेळी सगळा गठ्ठा माझ्या मशीनवरून गेला. मात्र अठ्ठेचाळिसाव्या प्रसंगाला त्याने कधी हात लावू दिला नाही. त्या प्रसंगात बोलणं नाही. लहान मुलगा तळ्यात बुडून गेलाय, सगळं उरकून बाप दुकानात परत येतो, दुरुस्तीला आलेल्या काट्यावर मुलाचे बूट ठेवतो. काटा बघतो. हलका दाखवतोय म्हणून स्क्रू पिळतो, परत बूट ठेवतो. मग रडतो. दारात शेजारी उभे आहेत.

एकदा दुपारी मशीन तापून बंद पडलं, तेव्हा ते निवायची वाट बघत त्याने मला सांगितलं की हे रचलेलं नाही. बाप त्याचाच, मुलगा त्याचा थोरला भाऊ. तो स्वतः सहा वर्षांचा, शेजाऱ्यांच्या पायांमधून बघत होता. बाप त्याआधी कधी रडला नाही, नंतरही नाही. कसा रडला ते त्याने मला करून दाखवलं. आधी तीन तुटके श्वास, जिना चढून आल्यासारखे. मग नाकातून एक बारीक लांब शिट्टी. आणि शेवटी खोकला, म्हणजे रडणं खोकल्यात लपवल्यासारखं. माझ्या हातातला कागदाचा रिम खाली पडला. एवढं मी प्रामाणिकपणे सांगतो, कारण पुढे जे सांगायचंय त्यात माझा प्रामाणिकपणा फारसा दिसणार नाही.

नऊ वर्षांपूर्वी त्याला एका रेकॉर्डिंग स्टुडिओत बोलावलं. त्यांना आवाजांचा साठा करायचा होता. मालिका, जाहिराती, कार्टून, ज्याला जो लागेल तो आवाज त्यातून उचलायचा. शिंक, ढेकर, जांभई, जिन्यावरून पडणं, गुदमरून मरणं, पोटात गोळी लागून मरणं. दोनमिनिटे दिवसभर काचेमागे उभा राहून देत होता. पाच वाजता यादीत शेवटचं उरलं: पुरुष, मध्यमवयीन, रडणे, तीस सेकंद. त्याने पहिलं दिलं ते रेकॉर्डिंगवाल्याला खोटं वाटलं. दुसरं दिलं, तेही. तिसऱ्या वेळी घसा बसला होता, घरी जायची घाई होती, आणि तेव्हा त्याने डोळे मिटून काटा आठवला.

रेकॉर्डिंगवाला म्हणाला, हे चाललं.

साठा एकरकमी विकलेला, कागदावर सही झालेली. घरी येऊन तो वहिनींना म्हणाला की आज चूक झाली. वहिनींनी ते आमच्या हिला सांगितलं, हिने मला. तेव्हा तीस सेकंदांत काय बिघडणार असं मला वाटलं. त्यालाही तसंच वाटावं म्हणून मी त्याची समजूत घातली.

सहा महिन्यांत ते रडणं सगळीकडे झालं. फुकटात मिळतं आणि खरं वाटतं, मग कोण सोडतो. एका मालिकेत सासरा रडला, दुसरीत दिवाळखोर कारखानदार, तिसरीत तुरुंगातला कैदी, सगळ्यांची तीच तीन श्वासांची, शिट्टीची आणि खोकल्याची चाल. मग एका विनोदी कार्यक्रमाने ते मांजराला लावलं. जाडं पिवळं मांजर, पुढ्यातलं दूध सांडलंय आणि ते दोनमिनिटेच्या बापासारखं रडतंय. तिथून ते फोनांत शिरलं. शाळेतल्या पोरी मैत्रिणीला कमी मार्क पडले की तसं रडून दाखवायच्या. नळदुरुस्तीच्या जाहिरातीत नळ तसा रडायचा.

आता एवढ्या मोठ्या जगात ते कोणाचं रडणं आहे हे कोणालाच कळलं नसतं. आमच्या इमारतीला ते मी सांगितलं. गच्चीवरच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय कंटाळवाणा झाला होता, म्हणून मी उठून म्हटलं की मांजर आपल्या तिसऱ्या मजल्यावर राहतं. लोक पोट धरून हसले. तोही हसला, आणि कोणीतरी "एकदा प्रत्यक्ष होऊ दे" म्हणाल्यावर घसा दुखतोय म्हणून खाली गेला. पुढच्याच महिन्यात मी दुकानाच्या दाराला नवी बेल बसवली. दार उघडलं की वाजते, तिच्यात हवा तो आवाज भरता येतो. मी कोणता भरला हे तुम्ही ओळखलं असेल. गिऱ्हाईक हसतच आत यायचं. धंद्याला बरं असतं ते.

तो पहिल्यांदा आला तेव्हा दारातच थांबला, वर बघितलं. मी म्हटलं, "दोनमिनिटे, बघा, तुम्हाला कायमचं काम दिलं." तो म्हणाला, चांगली बसवलीय. त्यानंतर त्याच्या सवयी बदलल्या. आधी गठ्ठा घेऊन यायचा, आता एकेक पान घेऊन यायला लागला. सकाळी एक, दुपारी एक. म्हातारपणी माणूस चिकट होतो, आता पानापानाचा हिशेब लावतो, असं मी ज्याला त्याला सांगत होतो.

आणि मग पटकथा घेतली गेली. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एक तरुण दिग्दर्शक, जाड भिंगांचा, बोलताना समोरच्याच्या कानाकडे बघणारा. त्याने कुत्रा काढला, प्रेयसी काढली, गुप्तहेर काढला, आणि बाप दोनमिनिटेलाच करू द्यायचं कबूल केलं. वहिनींनी दवाखान्यातून आठवड्याची सुट्टी घेतली. तो मात्र लिफ्टने जायचं सोडून जिन्याने चढायला लागला, बापाचा श्वास चढलेला असायचा म्हणून.

त्याने एकच हट्ट धरला. अठ्ठेचाळिसाव्या प्रसंगात दारात उभे राहणारे शेजारी भाड्याचे नकोत. माझ्याकडे येऊन म्हणाला, "वर बघितल्यावर मला खरा शेजारी दिसायला हवा. तुम्ही पुढे उभे राहा." दिग्दर्शकाला हे फार आवडलं. आम्ही बाराजण इस्त्रीचे कपडे घालून गेलो. तिथे अंगावरचे उतरवून मळके दिले.

मागच्या गल्लीतलं एक बंद पडलेलं दुकान त्यांनी काट्यांनी भरलं होतं. टांगलेले, बैठे, तबकड्यांचे, गंजलेले. बूट त्याने घरून आणले होते, भावाचेच. बापाने पत्र्याच्या डब्यात ठेवलेले, तळव्याला अजून वाळलेली माती. ते त्याने सामानवाल्याच्या हातात दिले नाहीत. कॅमेरा सुरू होईपर्यंत काखेत धरून बसला होता.

सुरू झाल्यावर काय सांगू. तो आत आला आणि तो दोनमिनिटे नव्हताच. खांदे वेगळे, मान वेगळी. बूट ठेवले. काट्याकडे बघितलं. स्क्रू पिळला. परत ठेवले. आमच्यातलं कोणी हललं नाही. मग आले ते तीन श्वास. आणि शिट्टी सुरू झाली.

पहिला हसलो तो मी.

मुद्दाम नाही. सहा वर्षं ती शिट्टी ऐकली की समोर गिऱ्हाईक येतं आणि दोघं हसतो, शरीराला तेच ठाऊक. मी हसलो तशी आमची ही हसली, मग मागची सगळी रांग, मग शिडीवरचा दिवेवाला. तो खोकल्यापर्यंत गेला, थांबला नाही, पूर्ण केलं. मग वर बघितलं. त्याला खरा शेजारी दिसला.

आम्हाला बाहेर काढलं. भाड्याची माणसं आणली. पण दिवेवाला होता, मेकअपवाली होती, चहावाला होता, आणि मांजर सगळ्यांनी बघितलं होतं. सहा वेळा घेतलं, सहाही वेळा कोणाला तरी हसू फुटलं. शेवटी दिग्दर्शकाने त्याला दुकानाबाहेर पायरीवर आणलं. आम्ही तिथेच होतो, त्यामुळे शब्दन् शब्द ऐकला.

"सर, दुसरं काही देता येईल? दुसऱ्या पद्धतीचं रडणं. हे मांजराचं आहे."

"मांजराने माझं घेतलंय."

"ते मला माहीत आहे," दिग्दर्शक त्याच्या कानाकडे बघत म्हणाला. "प्रेक्षकाला नाही."

तो परत आत गेला. आयुष्यभर या माणसाने मागाल तसं रडून दिलेलं, हुंदके, टाहो, मुसमुसणं, बायकांचंसुद्धा. त्या दिवशी काट्यासमोर त्याला एक जमेना. जे करील ते उघड खोटं. आणि खोटं करता करता मधेच खरं निसटायचं, ती शिट्टी, की लगेच कोणीतरी तोंडावर हात ठेवायचं. मग आवाजच नको म्हणून तोंड मिटून करून बघितलं. ते निर्मात्याने दुसऱ्या दिवशी पाहिलं आणि विचारलं, याची दाढ दुखतेय का?

चार दिवसांनी बाप मोठ्या नटाला गेला. मोठा नट रडला नाही. तेच बूट ठेवले, बघितलं, बोटाने तळव्याची माती खरवडली आणि बसून राहिला. दोनमिनिटेला त्याच सिनेमात दुसरी भूमिका दिली, काटा दुरुस्तीला टाकायला येणारं गिऱ्हाईक. किती वेळाची ते सांगायला नको.

सिनेमा जोडून झाल्यावर त्यांना कळलं की त्या बसून राहण्यात कुठेतरी एक श्वास हवा, नाहीतर नट झोपल्यासारखा दिसतो. मोठा नट परदेशात गेलेला होता. मग दोनमिनिटेला बोलावलं. तो काचेमागे गेला आणि एक श्वास देऊन आला. तीनातला पहिला. पुढचे दोन नकोत असं त्याला आधीच सांगितलं होतं. बूट परत मागायला गेला तर सामानवाल्याने त्याला खोली उघडून दाखवली. भिंतीला लहान मुलांच्या बुटांचे ढीग होते, सगळे झटकून, पुसून, पॉलिश केलेले. यातले कोणते, सामानवाल्याने विचारलं. दोनमिनिटेला सांगता आलं नाही. मातीच तेवढी खूण होती.

सिनेमा आम्ही सगळी इमारत मिळून बघितला. काट्याच्या प्रसंगाला थिएटरात टाचणी पडली तर ऐकू आली असती. मग तो एक श्वास आला आणि मागच्या रांगेतली बाई रडायला लागली. आमची ही रडली. मीही रडलो, रुमाल भिजवला. वर्तमानपत्रांनी त्या श्वासाबद्दल लिहिलं, मोठ्या नटाने एका श्वासात सगळा बाप उभा केला म्हणून. त्याला बक्षीस मिळालं. मुलाखतीत तो म्हणाला की त्या क्षणी मला माझे वडील आठवले.

दोनमिनिटे आमच्याच रांगेत कडेला बसला होता. मी वाकून बघितलं. तो पडद्याकडे न बघता लोकांकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी मी दुकानाची बेल काढली. का ते विचारू नका, मीही स्वतःला विचारलं नाही. अकराच्या सुमाराला तो आला, हातात एक पान. दार उघडलं आणि उंबऱ्यात थांबला. दार लावलं, परत उघडलं. वर बघितलं. तिथे दोन भोकं होती.

बिघडली का, म्हणून त्याने विचारलं. मी म्हटलं, काढली, कान किटले आता. तो पान हातात धरून तसाच उभा. मग म्हणाला, "लावा परत."

"अहो दोनमिनिटे, राहू दे की. लोक हसतात."

"हसू देत. माझ्याकडे ते नाहीये." मी बघत राहिलो तसा समजावून सांगितल्यासारखा म्हणाला, "स्टुडिओने प्रत दिली नाही, नियमात बसत नाही. फोनात मिळतं ते मांजरासकट. आणि त्या दिवसापासून माझ्या गळ्यातून येतच नाही. वडिलांचं आता तुमच्याकडेच आहे."

त्याच्या हातातलं पान मी घेतलं. पाठपोट कोरं होतं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की सात वर्षं हा एकेक पान घेऊन का येत होता. मी त्याला चिकट म्हणून गावभर केलं होतं, आणि हा माणूस दार उघडायला येत होता.

मी खण उघडला, बेल काढली, स्टुलावर चढून त्याच भोकांत दोन स्क्रू पिळले. त्याने खाली उभं राहून स्टूल धरलं. मग कोऱ्या पानाची मी एक कोरी प्रत काढून दिली. त्याने दोन्ही पानं घडी घालून खिशात ठेवली आणि निघाला. दार उघडलं. तीन श्वास, शिट्टी, खोकला. आवाज संपेपर्यंत तो दार धरून उभा होता, मान थोडी कलती, लहान मुलासारखी.

आणि खरं सांगतो, मला हसू आलं. त्याने मागे वळून बघितलं तेव्हाही मी हसतच होतो.